राष्ट्रीय दैनिकांच्या संपादकांना खुले पत्र: एक गाळप हंगाम कृष्णाकाठी काढा

मा. संपादक आणि शोधपत्रकारिता विभागप्रमुख,
सप्रेम नमस्कार.

३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाविषयी अरुण शौरी यांची बातमी आली. तेव्हा सिमेंटचा तुटवडा होता आणि कोटा सरकारच्या हातात होता. कुणाला किती सिमेंट मिळाले ही एक यादी, कुणी किती देणगी दिली ही दुसरी. दोन्ही शेजारी ठेवल्यावर जे दिसले ते छापले गेले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांचा निकाल आला आणि मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. त्या प्रकरणात सिमेंटबरोबर सहकारी साखर कारखान्यांकडून घेतलेल्या देणग्याही होत्या, हे आता फारसे कुणी सांगत नाही. तो पैसा उसाचा होता.

२०१६ मध्ये पनामा पेपर्सची सुमारे एक कोटी पंधरा लाख कागदपत्रे तपासणाऱ्या जगभरातल्या पत्रकारांतही हेच दैनिक होते. त्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. पण तिथे कागद फुटून बाहेर आले होते. आमच्या भागातले कागद फुटावे लागत नाहीत. ते सरकारी कपाटांत रीतसर पडून आहेत, फक्त कुणी शेजारी-शेजारी ठेवून वाचलेले नाहीत.

म्हणून आमची मागणी अशी. आपल्या विभागातला एक माणूस नोव्हेंबर ते मार्च असा पूर्ण गाळप हंगाम सांगली किंवा सातारा जिल्ह्यात मुक्कामाला ठेवा. तीन दिवसांच्या दौऱ्यात हे काम का होत नाही आणि पाच महिन्यांत त्याने नेमके काय करावे, ते पुढे लिहितो.

दौऱ्यावर आलेला पत्रकार आधी वजनकाट्यावर जातो. एक गाडी खासगी काट्यावर तोलतो, मग कारखान्याच्या काट्यावर. साठ-सत्तर किलो फरक निघतो आणि काटामारीची बातमी लागते. दुसऱ्या दिवशी कारखाना वजनकाटे तपासणाऱ्या वैधमापन खात्याचा दाखला पुढे करतो आणि विषय संपतो. संपायलाच हवा, कारण पुरावा कच्चा असतो. पन्नास टनी इलेक्ट्रॉनिक काटा बहुधा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतो. अशा काट्यावर २५ टनांच्या भरलेल्या गाडीला पडताळणीच्या वेळी १५ किलोपर्यंत चूक नियमाला चालते, आणि रोजच्या वापरात त्याच्या दुप्पट, म्हणजे ३० किलो. रिकामी गाडी ८ टनांची धरली तर तिच्या वजनात आणखी २० किलो. या दोन्ही चुका विरुद्ध दिशेने पडल्या तर निव्वळ वजनात ५० किलो इकडचे तिकडे होऊ शकतात, आणि तेही नियमात बसून. काटे दोन, म्हणून फरक शंभर किलोंपर्यंत जातो. शंभर किलोंच्या आतल्या एका गाडीच्या फरकावर कुणाला चोर म्हणू नये.

वजन चुकण्याची साधी कारणेही असतात. पाचट, माती आणि उसाचा रस प्लॅटफॉर्म आणि खड्ड्याची भिंत यांच्यामधल्या फटीत साचतो, प्लॅटफॉर्म अडतो आणि वजन खाली-वर होते. भरलेली गाडी तोलताना ड्रायव्हर आत बसलेला आणि रिकामी तोलताना चहाला गेलेला, यात उसाचे वजन ७० किलो जास्त भरते. तोडलेला ऊस गाडीत उभा राहिला की वाळतो, त्यामुळे संध्याकाळी खासगी काट्यावर झालेले वजन दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनाशी जुळवता येत नाही. पावसात भिजलेली ट्रॉली, मधेच भरलेले डिझेल, हेही धरावे लागते.

मग पुरावा पक्का कसा होतो? निदान पन्नास गाड्या घ्या, एकाच कारखान्याच्या, वेगवेगळ्या गावांतल्या. प्रत्येक गाडीची दोन्ही काट्यांवरची वेळ, भरलेले वजन, रिकामे वजन, ड्रायव्हर आत होता की बाहेर, पाऊस होता की नाही, सगळे वहीत उतरवा. रिकामे वजन त्या खेपेला प्रत्यक्ष केले की हंगामाच्या सुरुवातीचे जुनेच पावतीवर छापले, हे वेगळे लिहा. बैलगाडी आणि अंगद (ट्रॅक्टरला जोडलेली छोटी गाडी) यांच्याबाबत हा प्रश्न हमखास येतो. पन्नास फरक एका खाली एक मांडले की चित्र उघडे पडते. काट्याची खरी चूक कधी शेतकऱ्याच्या बाजूने, कधी कारखान्याच्या बाजूने जाते. पन्नासांपैकी सत्तेचाळीस वेळा फरक एकाच बाजूला आणि दोनशे किलोंच्या वर असेल, तर त्याला चूक म्हणता येणार नाही.

काटे अचानक तपासायला येणाऱ्या भरारी पथकाच्या अहवालावर विसंबू नका. पथकातली माणसे वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. तपासणीची पद्धतच अपुरी आहे. प्रमाण वजन २० किलोंचे. पन्नास टन भरायला अशी २,५०० वजने लागतील, ती कोण आणणार? म्हणून थोडीफार वजने ठेवून शून्य आणि खालचे आकडे तपासले जातात. वजा करण्याची करामत पंधरा टनांच्या वरच सुरू होत असेल तर या तपासणीत ती सापडत नाही. यावर उपाय सोपा आहे. नुकतीच तोललेली भरलेली गाडी गव्हाणीकडे, म्हणजे ऊस रिकामा करायच्या जागी, जाण्याआधी पथकासमोर परत काट्यावर घ्यायची आणि हातातल्या पावतीशी जुळवायची. तीच गाडी प्लॅटफॉर्मच्या दोन्ही टोकांना आणि मध्यभागी उभी करून तीन आकडे घ्यायचे, म्हणजे खालच्या लोडसेलपैकी (वजन टिपणाऱ्या सेन्सरपैकी) कुठला बिघडलाय तेही कळते. आकडा दाखवणाऱ्या यंत्राचे सील शाबूत आहे का ते पाहायचे, आणि वजन पावत्यांचे अनुक्रमांक सलग आहेत का तेही. पथक आल्यावर हे होते का, हे आपल्या माणसाने गेटवर उभे राहून पाहावे. पथक यायच्या आधी गेटवर फोन येतो का, हेही.

काट्याबद्दल इतके लिहिले, तरी आमच्या मते मोठा पैसा काट्यावर नाही. तो उताऱ्यात, म्हणजे उसातून टक्क्यांत किती साखर निघाली या आकड्यात आहे, आणि तिकडे कॅमेरा वळत नाही, कारण उताऱ्याचा फोटो निघत नाही.

हिशेब करून पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी (उसाला कायद्याने द्यावाच लागणारा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे जास्त. साडेअकरा टक्के उताऱ्याच्या कारखान्याची एफआरपी ३,९८२ रुपये ५० पैसे होते. या कारखान्याने दहा लाख टन ऊस गाळला आणि वजनात एक टक्का मारला, तर शेतकऱ्यांचे दहा हजार टन जातात, म्हणजे साधारण चार कोटी रुपये. काट्याला हात न लावता उतारा साडेअकराऐवजी अकरा दाखवला, तर टनामागे १७३ रुपये जातात, म्हणजे सतरा कोटी तीस लाख. अर्ध्या टक्क्याचा उतारा एक टक्का काटामारीच्या चौपटीहून भारी पडतो. आणि त्यासाठी रात्री काट्यावर कुणाला बसवावे लागत नाही. एक आकडा बदलला की काम होते.

उतारा तपासायचा कसा, हे बाहेरच्या माणसाला अवघड वाटते, पण उसात आलेली साखर कुठेतरी जावीच लागते. ती पोत्यांत जाते, मळीत (साखर काढून उरलेल्या काळ्या पाकात) जाते, थोडी बगॅसमध्ये (चोथ्यात) आणि प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात) राहते, आणि उरलेली ‘अज्ञात घट’ म्हणून लिहिली जाते. कारखान्याच्या हंगामअखेरच्या उत्पादन अहवालात, ज्याला आरटी-८ (सी) म्हणतात, हे सगळे आकडे असतात. त्यातली अज्ञात घट आधी पाहा, ती शेजारच्या कारखान्यांहून सतत जास्त असेल तर तिथून धागा धरा. मग मळी. मळी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नियंत्रणात असते; तिच्या टाक्यांची मोजमापे, साठा आणि वाहतूक परवाने त्या खात्याकडे स्वतंत्र असतात. सी-हेवी, म्हणजे शेवटी उरणारी मळी उसाच्या साधारण चार ते साडेचार टक्के निघते. कारखान्याने साखर आयुक्तांना कळवलेली मळी आणि उत्पादन शुल्क खात्याच्या नोंदीतली मळी, हे दोन आकडे शेजारी ठेवणे हेच आपले १९८१ चे तंत्र आहे.

इथेनॉलमुळे यात एक गाठ वाढली आहे. बी-हेवी मळी (जिच्यात अजून बरीच साखर शिल्लक असते ती) किंवा थेट उसाचा रस इथेनॉलकडे वळवला की पोत्यात पडणारी साखर कमी होते आणि उतारा कमी दिसतो. एफआरपी काढताना ही वळवलेली साखर परत उताऱ्यात मिळवावी लागते. किती मिळवली, कुठल्या प्रमाणपत्राच्या आधारे, आणि डिस्टिलरीत प्रत्यक्ष किती लिटर इथेनॉल निघाले, हे तिन्ही आकडे घेतल्याशिवाय उताऱ्यावर एक ओळही लिहू नये. ऑईल कंपन्यांना पुरवलेल्या इथेनॉलचे लिटर लपवता येत नाहीत, कारण त्यांचे पैसे बँकेतून येतात.

काटा आणि उतारा यांचा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो नवख्याच्या नजरेतून सुटतो. वजन मारले पण त्या उसाची साखर हिशेबात राहिली, तर कमी टनांत जास्त साखर दिसून उतारा आपोआप वाढतो आणि दर वाढवून द्यावा लागतो. म्हणून मारलेला ऊस एक तर साखरेसकट पुस्तकाबाहेर जातो, नाहीतर भलत्याच नावावर चढतो. दुसरा मार्ग जास्त सोपा. त्याचा माग शेतकी विभागाच्या ऊसनोंदीत लागतो: गाव, गट नंबर, नोंदवलेले क्षेत्र, आलेले टन. ज्या गावात एकरी चाळीस टन पडतात तिथे एखाद्या खात्यावर एकरी एकशेवीस टन चढले असतील, किंवा ज्या गटाच्या सातबाऱ्यावर आणि ई-पीक पाहणीत उसाची नोंदच नाही त्या गटातून ऊस आला असेल, तर त्या शेतावर जाऊन उभे राहा. सातबारा मोबाईलवर दिसतो.

आता कागद कुठून मिळवायचे ते. माहिती अधिकाराचा अर्ज कारखान्याला करू नका. सहकारी संस्था केवळ सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा थलप्पलम निकाल आहे, आणि कारखाना तोच तोंडावर मारतो. पण त्याच निकालात असेही आहे की निबंधकाला कायद्याने जी माहिती संस्थेकडून घेता येते ती नागरिकाला निबंधकाकडून मागता येते. म्हणून सांगलीच्या कारखान्यांसाठी कोल्हापूरचे प्रादेशिक सहसंचालक (साखर), साताऱ्यासाठी पुण्याचे, आणि दोन्हींवर पुण्याच्या साखर संकुलातले साखर आयुक्त. मळीसाठी जिल्ह्याचे उत्पादन शुल्क अधीक्षक, काट्यासाठी वैधमापन शास्त्र कार्यालय. अर्ज दहा रुपयांचा, एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत. ही महाराष्ट्राच्या नियमांतली अट आहे आणि दिल्लीहून पाठवलेले लांबलचक अर्ज याच एका कारणाने परत जातात. उत्तराला तीस दिवस. पहिले अपील त्यानंतर तीस दिवसांत, दुसरे नव्वद दिवसांत, आणि दुसऱ्या अपिलात हंगाम उलटून जातो. म्हणून प्रती मागण्याऐवजी अवलोकन मागा. कलम २ (जे) खाली फाईल समोर बसून वाचता येते, टिपणे घेता येतात, आणि पहिला तास फुकट असतो. कुठल्या पानाची प्रत हवी ते फाईल पाहिल्यावरच कळते.

शेतकऱ्यांची नावे मागू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले कलम ८ (१) (जे) बदलले आहे आणि ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणे सोपे झाले आहे. नावाचा रकाना झाकून गाव, क्षेत्र आणि टन एवढेच मागितले तर नकाराला आधार उरत नाही. तरीही नकार आलाच तर कलम ८ (२) अजून शाबूत आहे. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते, हे अपिलात स्पष्ट लिहा.

खासगी कारखाना असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपयांत त्याचे ताळेबंद, संचालक आणि कर्जावरचे बोजे पाहता येतात. सहकारी कारखान्याच्या सभासदाला सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली संस्थेचे ठरावीक कागद पाहण्याचा हक्क आहे, आणि आपल्या माणसाबरोबर येईल असा सभासद गावागावात मिळेल.

थकबाकीच्या बातम्या आपण छापता, त्यातही एक त्रुटी राहते. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. पण त्याच तरतुदीत ‘उलट अर्थाचा लेखी करार नसेल तर’ असे शब्द आहेत. हा करार कुठे असतो? ऊसनोंदीच्या फॉर्मवर, बारीक अक्षरांत, सहीच्या वर. शेतकऱ्याने हप्त्याने पैसे घेण्यास संमती दिली असे त्यात लिहिलेले असले की थकबाकी कागदावर उरत नाही. साखर आयुक्तालयाचा पंधरवडी एफआरपी अहवाल वाचताना ‘शंभर टक्के अदा’ दिसले की आधी त्या कारखान्याचा कोरा नोंदफॉर्म मिळवा. एफआरपीचे तुकडे पाडू देणारा २१ फेब्रुवारी २०२२ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला, तरी फॉर्मवरचा मजकूर बदलला का, हे कारखानानिहाय तपासले पाहिजे. तोडणी-वाहतुकीची कपातही पाहा. ती पूर्ण कारखान्याची सरासरी असते, त्यामुळे लांबून आणलेल्या उसाचा खर्च गेटजवळच्या शेतकऱ्याच्या टनातून वजा होतो.

आणखी एक कपाट आपल्याच कार्यालयात आहे. बँका कारखाने लिलावात काढतात तेव्हा विक्रीची नोटीस दोन दैनिकांत द्यावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. राखीव किंमत, तारीख, मालमत्तेचे वर्णन, सगळे त्यात छापलेले असते. आपल्याच जाहिरात विभागाच्या फायलींत वीस वर्षांच्या नोटिसा असतील. त्या क्रमाने लावा, कुठल्या कारखान्याची राखीव किंमत दर फेरीत किती उतरत गेली आणि शेवटी घेतला कुणी, याची सारणी करा. यासाठी माहिती अधिकाराचा एकही अर्ज लागत नाही.

कागद मिळाला म्हणजे झाले असे मात्र नाही. कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर आणि लोकमान्य टिळक १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध त्यांनी ज्या पत्रांच्या आधारे लिहिले ती पत्रे बनावट निघाली. हेतू शुद्ध होता, छत्रपतींबद्दलची कळकळ खरी होती, पण कागद खोटा होता. आमच्या भागात कारखान्याच्या निवडणुकीआधी दोन्ही पॅनेलकडून झेरॉक्स वाटल्या जातात. त्यातली एकही मूळ फाईल पाहिल्याशिवाय, आवक क्रमांक जुळवल्याशिवाय आणि दुसऱ्या कार्यालयातली प्रत मिळवल्याशिवाय वापरू नका. ज्याच्यावर लिहिता त्याला प्रश्न लेखी पाठवा, उत्तराला पुरेसे दिवस द्या आणि उत्तर पूर्ण छापा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला उभा राहिला तर हीच फाईल उपयोगी पडते.

शेवटचा मुद्दा आपल्या तालुका वार्ताहराचा, आणि तो आम्हाला सगळ्यात जास्त बोचतो. वार्ताहराला मानधन तुटपुंजे, आणि बाकी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. तालुक्यातला सगळ्यात मोठा जाहिरातदार कारखाना. अध्यक्षांच्या वाढदिवसाची पुरवणी, गाळप शुभारंभाचे पान, वार्षिक सभेची नोटीस, सगळे त्याच गेटमधून येते. त्या माणसाने काट्यावर बातमी लिहावी अशी अपेक्षा करणे अन्याय आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत शब्दशः एकच मजकूर स्पर्धक दैनिकांत छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवले, तेही दोन कागद शेजारी ठेवूनच. तो आजार वरून खाली आला आहे, तेव्हा उपचारही वरून झाला पाहिजे. या कामात जो स्थानिक पत्रकार आपल्या माणसाला मदत करील त्याला त्या हंगामापुरते जाहिरातीच्या कोट्यातून मोकळे करा, मानधन आपल्याकडून द्या, आणि बातमीवर त्याचे नाव टाकायचे की नाही हे त्यालाच ठरवू द्या. आपला माणूस मार्चमध्ये परत जाईल. त्याला इथेच राहायचे आहे, त्याचा ऊसही याच कारखान्याला जातो आणि तोड लांबवणे हा इथला जुना दंड आहे. त्याच्यावर हल्ला झाला तर माध्यमकर्मींच्या संरक्षणाचा २०१७ चा राज्याचा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण फिर्यादीपासून खटल्यापर्यंत वकील आपल्या दैनिकाचा हवा.

वेळापत्रक असे धरा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वैधमापन, उत्पादन शुल्क आणि सहसंचालक यांच्याकडे तीन वेगळे अर्ज टाका: गेल्या तीन हंगामांची काटा पडताळणी, मळीच्या नोंदी, आरटी-८ (सी). त्याच महिन्यात कारखान्यांच्या वार्षिक सभा होतात. अहवाल सभासदांना आधी मिळतो, तो गोळा करा. ऑक्टोबरमध्ये अवलोकनाला बसा. ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), पलूस किंवा कराडला खोली मिळते, आणि तिन्ही ठिकाणांहून गाडीने फार लांब न जाता अनेक कारखान्यांच्या गेटवर पोचता येते. पहिल्या आठवड्यात काटे तपासू नका. तेव्हा सगळे नीट चाललेले असते. गर्दी डिसेंबरात होते, ट्रॉल्या रात्रभर उभ्या राहतात, आणि पावत्या पहाटे तीन-चारला निघतात. वही घेऊन तेव्हा या. वजन पावत्या जपून ठेवणारे शेतकरी आम्ही गावोगाव शोधून ठेवतो.

आपले,
वाळवा, पलूस, कडेगाव आणि कराड तालुक्यांतले काही ऊस उत्पादक सभासद, निवृत्त काटा कारकून आणि निवृत्त सहकार लेखापरीक्षक